सर्व्हर बंद पडल्यावर राखीव सर्व्हर किती वेळात उभा राहतो? आणि तो वेळ कमी कसा करतात?



शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख म्हणजे काय असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शेवटच्या संध्याकाळी मी आमच्या वर्गातल्या चौदा मुलींचे अर्ज भरत होते. बारा अर्ज झाले, तेरावा झाला, चौदावाही झाला. प्रत्येक वेळी पडद्यावर 'अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला' असं आलं आणि क्रमांकही मिळाला. मी सवयीने ते सगळे क्रमांक वहीत उतरवले. तेवढ्यात साइट बंद पडली. साधारण वीस मिनिटांनी पुन्हा सुरू झाली. यादी उघडून पाहिली तर अर्ज बारा! शेवटच्या दोन मुली यादीत नव्हत्या. माझ्या वहीत त्यांचे क्रमांक होते, साइटवर मात्र नव्हते.

मुदत संपायला तास बाकी होता म्हणून ते दोन अर्ज पुन्हा भरता आले. पण दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीने विचारलं, "मॅडम, नंबर तर आला होता ना, मग अर्ज गेला कुठे?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर संगणकशास्त्रातल्या एका महत्त्वाच्या भागात नेतं: मुख्य सर्व्हर पडला की राखीव सर्व्हरने जागा कशी घ्यायची, किती वेळात घ्यायची आणि त्या गडबडीत काय हरवू शकतं. याला फेलओव्हर म्हणतात. आठवी-नववीच्या मुलांना समजेल अशा भाषेत तो आज समजून घेऊया.

रोजकीर्द आणि खतावणी

वाणिज्य शाखेच्या शिक्षकांना हा भाग लगेच कळेल. दुकानात व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत लिहितात, तारखेप्रमाणे, एकाखाली एक. मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतात. समजा खतावणीचं काम अर्धवट असताना दिवे गेले, तरी काळजी नसते. रोजकीर्द शाबूत असेल तर खतावणी पुन्हा पूर्ण करता येते.

डेटाबेस अगदी असंच चालतो. आपण अर्ज सादर केला की त्याची नोंद आधी एका लॉगमध्ये होते. हा लॉग म्हणजे डेटाबेसची रोजकीर्द. मूळ तक्त्यांच्या फाइली म्हणजे खतावणी; त्या डिस्कवर नंतर, सावकाश लिहिल्या जातात. ठरावीक वेळाने डेटाबेस एक खूण करतो की इथपर्यंतची खतावणी पूर्ण झाली. या खुणेला चेकपॉइंट म्हणतात. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये मूळ मांडणीत ही खूण जास्तीत जास्त ५ मिनिटांनी होते. लॉग फार वाढला तर त्याआधीच. सर्व्हर अचानक पडून पुन्हा सुरू झाला, की तो शेवटच्या खुणेपासून पुढची रोजकीर्द वाचतो आणि राहिलेल्या नोंदी चढवतो.

आता राखीव सर्व्हर, म्हणजे स्टँडबाय. मुख्य सर्व्हर आपल्या रोजकीर्दीची प्रत सतत त्याच्याकडे पाठवतो. राखीव सर्व्हर ती वाचून आपली स्वतःची खतावणी तयार ठेवतो. मुख्य पडला की राखीव म्हणतो, "आता चार्ज माझ्याकडे."

थंड राखीव आणि गरम राखीव

आपल्या भागातल्या मुलांना हा फरक वीज केंद्रावरून छान समजतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे आणि त्यात अनेक संच आहेत. एखादा संच पूर्ण थंड असेल तर बॉयलर तापवून, वाफ तयार करून, टर्बाइन फिरवून वीज द्यायला कित्येक तास लागतात. संच नुकताच थांबलेला, अजून गरम असेल, तर तो बराच लवकर सुरू होतो. आणि चालू संचाची थोडी क्षमता राखून ठेवली असेल, तर ती सगळ्यात लवकर मिळते.

सर्व्हरचंही तसंच आहे. थंड राखीव म्हणजे कपाटात ठेवलेलं यंत्र आणि कालचा बॅकअप. बॅकअप उतरवायलाच तास जातात. कोमट राखीव म्हणजे चालू यंत्र, पण नोंदी मधून मधून आणून चढवणारं. गरम राखीव म्हणजे क्षणोक्षणी नोंदी चढवत तयार उभा असलेला सर्व्हर. पोस्टग्रेसमध्ये नोंदी सतत पाठवण्याची आणि राखीव सर्व्हरवर वाचन करू देण्याची सोय २०१० साली, ९.० या आवृत्तीत आली.

म्हणजे पहिला नियम सोपा: वेळ कमी हवा असेल तर राखीव गरम ठेवा. पण गरम राखीव असूनही साइट तासभर बंद राहू शकते. असं का होतं, ते पुढे पाहू.

वेळ जातो कुठे? पाच टप्पे

मुख्य सर्व्हर पडल्यापासून आपला अर्ज पुन्हा स्वीकारला जाईपर्यंत पाच गोष्टी घडतात. एक, बिघाड झाला हे कळणं. दोन, राखीववर जायचं असा निर्णय होणं. तीन, उरलेल्या नोंदी चढवणं. चार, राखीव सर्व्हरने मुख्यपद घेणं. पाच, सगळ्या वापरकर्त्यांना नव्या सर्व्हरकडे वळवणं.

फळ्यावर मुलांसमोर एक उदाहरण मांडा. समजा, कळायला ३० सेकंद, निर्णयाला २० मिनिटं, नोंदी चढवायला ४ मिनिटं, पद घ्यायला १० सेकंद आणि वळवायला ५ मिनिटं लागतात. एकूण २९ मिनिटं ४० सेकंद. आता दुप्पट वेगाचं यंत्र आणलं तर नोंदींचे ४ मिनिटांचे २ होतील. एकूण वेळ २७ मिनिटं ४० सेकंद. पैसे गेले, फायदा २ मिनिटांचा. त्याऐवजी निर्णयाचा नियम आधीच लिहून ठेवला आणि तो वेळ २ मिनिटांवर आणला, तर एकूण वेळ ११ मिनिटं ४० सेकंद! एक रुपयाही न घालता १८ मिनिटं वाचली. आधी मोजा, मग सुधारा. हा धडा फक्त संगणकाचा नाही.

आता प्रत्येक टप्पा कसा कमी करतात ते बघू.

*कळणं.* राखीव आणि देखरेख करणारी यंत्रणा दर काही सेकंदांनी मुख्य सर्व्हरला विचारत राहतात, "हजर?" आपल्या हजेरीसारखंच. ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर तो गैरहजर धरतात. पोस्टग्रेससाठी वापरल्या जाणाऱ्या पॅट्रोनी या साधनात ही मुदत मूळ मांडणीत ३० सेकंद असते. अशी मुदत फार लहान केली तर लवकर कळेल हे खरं, पण कामाच्या भारामुळे क्षणभर अडखळलेला सर्व्हरही मेला असं समजलं जाईल. मुलाने 'हजर' म्हणायला जरा उशीर केला म्हणून त्याची गैरहजेरी लावण्यासारखंच ते.

*निर्णय.* याबद्दल खाली वेगळं सांगते, कारण बहुतेक वेळ इथेच जातो.

*उरलेल्या नोंदी.* इथे एक गंमत आहे. मुख्य सर्व्हरवर एकाच वेळी शेकडो जण नोंदी करतात. पोस्टग्रेसच्या राखीव सर्व्हरवर मात्र त्या चढवणारी प्रक्रिया एकटीच, ओळीने काम करते. त्यामुळे गर्दीच्या वेळी, म्हणजे नेमकं शेवटच्या तारखेला, राखीव मागे पडू शकतो. त्यात कुणी राखीव सर्व्हरवर मोठे अहवाल काढत बसलं तर नोंदी आणखी थांबतात. मूळ मांडणीत पोस्टग्रेस अशा अहवालासाठी ३० सेकंदच थांबतो आणि मग अहवाल तोडतो. अहवाल तुटू नयेत म्हणून कुणी ही मुदत तासाची केली, तर राखीव तासभर मागे राहू शकतो. उपाय असा: अहवालांसाठी वेगळा राखीव, पद घेण्यासाठी वेगळा. राखीव किती मागे आहे यावर रोज लक्ष ठेवायचं. आणि त्याचं यंत्र मुख्यइतकंच ताकदीचं घ्यायचं. जुनं, मंद यंत्र 'राखीवच तर आहे' म्हणून लावलं की पहिल्याच परीक्षेत ते उघडं पडतं.

*पद घेणं.* पूर्वी राखीव सर्व्हर मुख्य होताना आधी पूर्ण चेकपॉइंट करत बसायचा आणि मगच दार उघडायचा. २०१३ च्या ९.३ या आवृत्तीपासून पोस्टग्रेस आधी दार उघडतो, चेकपॉइंट नंतर करतो. म्हणून हा टप्पा आता बहुधा अगदी लहान असतो.

*वळवणं.* सर्व्हर तयार झाला, पण लोकांना पत्ता जुनाच माहीत आहे. संकेतस्थळाचं नाव आणि त्याचा अंकी पत्ता यांची जोडी संगणक काही काळ लक्षात ठेवतात. ती मुदत तासाची असेल तर नवा सर्व्हर उभा राहूनही तासभर काही लोक जुन्याच दारावर टकटक करत राहतील. म्हणून ही मुदत लहान ठेवतात, किंवा पत्ता तोच ठेवून तो नव्या यंत्राला देतात. दुसरी अडचण मेलेल्या जोडणीची. लिनक्समध्ये रिकामी बसलेली जोडणी जिवंत आहे का याची तपासणी मूळ मांडणीत २ तासांनी सुरू होते, आणि मुळात ती तपासणीही चालू करावी लागते. हे अंक कुणी पाहिलेच नसतील तर दोष डेटाबेसचा नसतो, पण साइट बंदच दिसते.

मुंबईचा धडा: २४ फेब्रुवारी २०२१

निर्णयाचा टप्पा किती महाग पडू शकतो, याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले, म्हणजे एनएसईतले, व्यवहार थांबले. दूरसंचार जोडण्यांत बिघाड झाला आणि त्यापाठोपाठ साठवण यंत्रणेने प्रतिसाद देणं थांबवलं, असं स्पष्टीकरण बाजाराने नंतर दिलं. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी, आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी ५ पर्यंत चालवावा लागला. म्हणजे ४ तासांहून थोडा जास्तच काळ गेला.

एनएसईची राखीव जागा चेन्नईत होती. ती वापरली गेली नाही. मूळ जागेवरच दुरुस्ती झाली. राखीव जागेवर का गेला नाहीत, असा प्रश्न बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने विचारला.

पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले. आधी राखीव जागेवरून काम सुरू करायला ४ तासांची मुभा होती. नव्या नियमात बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत 'ही आपत्ती आहे' असं जाहीर करायचं, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत काम सुरू करायचं. काम सुरू होण्याच्या या मुदतीला आरटीओ म्हणतात. (एमएच ३४ ची पाटी देणारं आरटीओ नव्हे बरं का!)

हे अंक नीट पाहा. एकूण ७५ मिनिटांपैकी ३० मिनिटं फक्त ठरवण्यासाठी दिली आहेत. माणसं 'अजून पाच मिनिटं पाहू, होईल दुरुस्त' असं म्हणत राहतात, हे नियम करणाऱ्यांनी ओळखलं. आपणही तेच करतो. बस येईल, येईल म्हणत थांब्यावर तास घालवतो आणि मग ऑटो शोधतो. म्हणून चांगल्या संस्था आधीच कागदावर लिहून ठेवतात: इतकी मिनिटं झाली की राखीववर जायचं, आणि तो हुकूम अमुक पदावरच्या व्यक्तीने द्यायचा. ती व्यक्ती रजेवर असेल तर कुणी, हेही लिहितात.

घाईचीही किंमत असते

मग निर्णय यंत्रावरच सोपवावा का? बऱ्याच ठिकाणी तसं करतात आणि ते चालतं. पण एक उदाहरण लक्षात ठेवा. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेतल्या गिटहब या प्रसिद्ध सेवेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा केंद्राचा संपर्क देखभालीच्या कामात फक्त ४३ सेकंद तुटला. स्वयंचलित यंत्रणेने लगेच पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्व्हरला मुख्य केलं. पण पूर्वेकडच्या सर्व्हरवर काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेकडे पोचल्याच नव्हत्या. संपर्क परत आला तेव्हा दोन्हीकडे अशा नोंदी होत्या ज्या दुसरीकडे नव्हत्या. ते सगळं जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

शाळेतलं उदाहरण घ्या. मुख्याध्यापक रजेवर गेले म्हणून ज्येष्ठ शिक्षकांकडे प्रभार दिला. पण मुख्याध्यापक रजेवर गेलेच नव्हते, फक्त त्यांचा फोन लागत नव्हता. आता एकाच दिवशी दोघांनी दोन वेगळे आदेश काढले. शिपाईकाकांनी कोणता फिरवायचा? सर्व्हरच्या बाबतीत हे सगळ्यात वाईट, कारण दोन्ही सर्व्हर नोंदी घेत राहतात.

यावर दोन उपाय करतात. पहिला, नवा मुख्य करण्याआधी जुन्याला सक्तीने बंद करायचं, त्याचं दप्तर काढून घ्यायचं. दुसरा, निर्णय बहुमताने घ्यायचा. दोन सर्व्हर असतील तर 'तू मेलास की मी तुटलो' हे ठरवता येत नाही. तिसरा साक्षीदार असेल तर दोघांचं मत ग्राह्य धरता येतं. म्हणून अशा मांडणीत ३ किंवा ५ असे विषम सदस्य ठेवतात.

त्या दोन मुलींचे अर्ज

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. क्रमांक मिळूनही अर्ज कसा हरवू शकतो?

मुख्य सर्व्हर दोन पद्धतींनी वागू शकतो. पहिल्या पद्धतीत तो स्वतःच्या रोजकीर्दीत नोंद करतो, लगेच 'यशस्वी' म्हणतो आणि राखीवकडे प्रत पाठवत राहतो. यात वेग मिळतो. पण प्रत वाटेत असतानाच मुख्य पडला, तर राखीवला ती नोंद कधीच कळत नाही. आपल्याकडे क्रमांक असतो, त्याच्याकडे काहीच नसतं.

दुसऱ्या पद्धतीत राखीवने 'मिळाली, लिहिली' असं कळवल्याशिवाय मुख्य आपल्याला 'यशस्वी' म्हणतच नाही. यात 'यशस्वी' म्हटलेली नोंद सहसा हरवत नाही, पण प्रत्येक नोंदीला थोडा थोडा उशीर होतो. मुलांना गणित घाला: प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई सरळ अंतर सुमारे १,००० किलोमीटर धरलं, तर जायला ५ आणि यायला ५, असे किमान १० मिलिसेकंद प्रत्येक नोंदीमागे वाढतात. शिवाय राखीवच बंद पडला तर मुख्यही अडून बसतो. म्हणून जवळ एक, दूर एक असे दोन राखीव ठेवतात.

म्हणजे हिशोब दोन आहेत: किती वेळात उठायचं आणि किती नोंदी गमावणं चालेल. सेबीच्या नियमातही दुसरी मर्यादा आहे, जास्तीत जास्त १५ मिनिटांच्या नोंदी. पहिला आकडा कमी करण्याच्या नादात दुसरा विसरला, तर साइट वीस मिनिटांत उठते आणि दोन मुली यादीतून गळतात. साइट सुरू झाली हे सगळ्यांना दिसतं. गळालेल्या नोंदी मात्र वही काढून ताडून पाहणाऱ्यालाच दिसतात.

सराव केला नाही तर सगळं व्यर्थ

आपल्याकडे शाळेत अग्निशमनाचं प्रात्यक्षिक होतं तसं इथेही असतं. शनिवार, २ मार्च २०२४ रोजी एनएसईने सुट्टीच्या दिवशी खास बाजार भरवला. सकाळी ९:१५ ते १० मुख्य जागेवरून, आणि ११:३० ते १२:३० राखीव जागेवरून, खरे व्यवहार, खऱ्या पैशांचे. १८ मे २०२४ ला असंच पुन्हा केलं. कधीच न वापरलेला राखीव म्हणजे पोहायला कधीच न उतरलेला जीवरक्षक.

वर्गात करून पाहा

तीन मुलं, दोन वह्या, चिठ्ठ्या आणि एक घड्याळ एवढंच लागतं. एक 'मुख्य', एक 'राखीव', एक 'साक्षीदार'. वर्गातली मुलं एकेक नाव सांगतील. मुख्य वहीत लिहील, चिठ्ठी राखीवकडे देईल. अचानक तुम्ही मुख्यला थांबवा आणि वेळ मोजा.

१. पहिल्या फेरीत राखीवने चिठ्ठ्या नुसत्या साठवायच्या. चार्ज घ्यायला किती वेळ लागला?
२. दुसऱ्या फेरीत आलेली चिठ्ठी लगेच वहीत उतरवायची. वेळ किती कमी झाला?
३. तिसऱ्या फेरीत राखीवने हात वर केल्यावरच मुख्यने 'झालं' म्हणायचं. काम किती मंदावलं? किती नावं हरवली?
४. चौथ्या फेरीत मुख्यला थांबवू नका, फक्त दोघांमधली चिठ्ठी बंद करा. शेवटी दोन्ही वह्या ताडून पाहा.

चौथ्या फेरीनंतर वर्गात जो गोंधळ होतो, त्यातून मुलं जे शिकतात ते मी फळ्यावर तासभर बोलूनही शिकवू शकले नसते.

आपल्यासाठी तीन सवयी

सर्व्हर आपल्या हातात नाही, पण वही आपल्या हातात आहे. मुलांचा अर्ज भरला की क्रमांक लिहा आणि पावती जपून ठेवा. साइट मध्येच बंद पडून सुरू झाली असेल, तर बंद होण्याच्या जरा आधी भरलेले अर्ज यादीत आहेत का ते पुन्हा पाहा. गळण्याचा धोका त्यांनाच जास्त असतो. आणि शक्य असेल तर शेवटच्या तारखेची वाट पाहू नका, कारण चुकलं तर पुन्हा भरायला वेळ उरला पाहिजे.

त्या मुलीला मी सांगितलं, "अर्ज मुख्याच्या वहीत होता, राखीवच्या वहीत पोचला नव्हता. तो आपल्या वहीत होता म्हणून सापडला." तिने लगेच स्वतःच्या वहीच्या मागच्या पानावर आपला नवा क्रमांक उतरवून घेतला.

विद्यार्थ्यांना विचारण्यासाठी प्रश्न

१. रोजकीर्द आणि खतावणी यांपैकी राखीव सर्व्हरकडे काय पाठवतात? का?
२. पाच टप्प्यांपैकी कोणता टप्पा यंत्र बदलून कमी होत नाही?
३. दोनच सर्व्हर असतील तर तिसरा साक्षीदार का लागतो?
४. 'यशस्वी' असा संदेश आल्यावरही नोंद कशी हरवू शकते, ते चित्र काढून दाखवा.